लांबचा रातकिडा

३ फेब्रुवारी, मंगळवार

सूनबाईने ही वही हातात ठेवली. म्हणाली, "बाबा, आक्काचं रोज काय काम झालं, काय बदललं, ते यात लिहीत जा. म्हणजे मला सारखं विचारायला नको." म्हटलं, विचारायला काय तोंड दुखतं? पण हल्ली या घरात कोणाला मोकळं बोलायलाच नको असतं. सगळे पुटपुटतात. असो. कामाचं मी तिला गॅरेजच्या फळ्यावर लिहून देईन. वहीचा कागद चांगला गुळगुळीत आहे, ती माझ्याकडेच राहील.

आक्का म्हणजे ट्रक. खडीवाल्या शेठचा, सहा सिलिंडरचा, डिझेलचा. १ मार्चला खाणीच्या चढाची शर्यत आहे. पाठीवर पूर्ण खडी भरायची, सात वळणं चढायची, माथ्यावर आधी पोचेल त्याची वाहवा. आक्का चालवणार आमची सूनबाई. चिरंजीव जहाजावर आचारी आहेत, सहा महिने पाण्यावर. त्याला स्टीअरिंगपेक्षा झारा बरा वाटतो आणि तिला झाऱ्यापेक्षा स्टीअरिंग. जमलंय दोघांचं, आपण कशाला मध्ये पडा!

गेल्या वर्षी पाचव्या वळणावर आक्काने मान टाकली. कारण मला माहीत आहे. वॉल्व्ह म्हणजे इंजिनाची दारं. दार उघडलं की लगेच ओढून बंद करायचं, एवढंच स्प्रिंगचं काम. इंजिन जोरात फिरायला लागलं की म्हाताऱ्या स्प्रिंगांना दम लागतो, दारं अर्धवट उघडी राहतात आणि ताकद नको तिकडून निघून जाते. यंदा बाराही स्प्रिंगा कडक टाकतोय.

शेठ सकाळी येऊन गेला. म्हणाला, "उस्ताद, हरलात तर चालेल. पण यंदा इंजिन चढावर फुटलं, तर माझे आठच्या आठ ट्रक हमरस्त्यावरच्या त्या काचेच्या वर्कशॉपात जातील." आठ ट्रक म्हणजेच आमचं गॅरेज. ते गेले की शटर ओढायचं आणि घरी बसून भाजी निवडायची. बाकी शेठचं एक बरं आहे, माणूस खणखणीत बोलतो.

५ फेब्रुवारी, गुरुवार

स्प्रिंगा बसल्या. काम नाजूक असतं. पिस्टन वर आणून ठेवायचा, नाहीतर वॉल्व्ह सुटून आत पडतो आणि मग कपाळावर हात. स्प्रिंग दाबून धरायची आणि तिच्या डोक्यावरचे दोन लॉक चुंबकाने उचलायचे. लॉक म्हणजे नखाएवढे तुकडे. सातव्या वॉल्व्हचा एक लॉक माझ्या हातून कधी निसटला ते कळलंसुद्धा नाही. मी आपला इंजिनात शोधतोय. सूनबाई मागे पाठ करून टायरची हवा बघत होती. ती वळली, थेट टेबलाखाली गेली आणि लॉक काढून माझ्या हातावर ठेवला. पाठीला डोळे आहेत पोरीच्या!

मी शाबासकी दिली तर माझ्याकडे जरा विचित्र बघितलं. स्तुती झेपत नाही काही लोकांना.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

आज टॅपेट, म्हणजे वॉल्व्हच्या डोक्यावरची फट लावायचं काम. आमच्या गॅरेजची रीत अशी की उस्तादाने ऐकल्याशिवाय इंजिन बाहेर जात नाही. माझ्या गुरूंनी दिलेला हातभर लांब पेचकस आहे. त्याचं टोक इंजिनाला टेकवायचं, मूठ कानाला. ऐकायचं. पटलं की झाकणावर खडूने बरोबरची खूण. ती खूण असलेलं इंजिन आजवर परत आलेलं नाही.

वॉल्व्हला वरून दाबून उघडणारा रॉकर आणि वॉल्व्ह यांच्यात केसभर फट ठेवावी लागते. फट जास्त झाली की ठोके पडतात. कमी झाली की आवाज बंद, पण दार पुरतं मिटत नाही आणि वॉल्व्ह जळतो. गुरू म्हणायचे, "बोलका टॅपेट रागावतो, मुका टॅपेट मारतो." फट बरोबर असली की लांब, मागच्या गल्लीत रातकिडा ओरडावा तसा बारीक आवाज येतो. तो आला की बास.

सूनबाईने फिलर गेज घालून फटी लावल्या होत्या. फिलर गेज म्हणजे पत्र्याच्या पातळ पट्ट्यांचा जुडगा. फटीत पट्टी घालून मापायचं. पुस्तकी काम! मी पेचकस लावला तर रातकिडा कुठेच नाही. बाराच्या बारा मुके. म्हटलं, अगं पोरी, वॉल्व्ह जाळतेस की काय? एकेक बंद करून, सैल करून, परत चालू करून ऐकलं. चार-पाच वेळा सैल केल्यावर कुठे तो बारीक आवाज आला. गोड! मग खडू.

तेवढ्यात शेजारच्या शिकवणीवाल्या बाई आल्या. मुलांना ऐकू येत नाही म्हणे, एवढा खडखडाट आहे. कसला खडखडाट? यांना शांततेत शिकवायचं असेल तर गॅरेजशेजारी क्लास काढायचाच कशाला? नाचता येईना अंगण वाकडं.

९ फेब्रुवारी, सोमवार

चमत्कारच! शुक्रवारी खूण केलेले टॅपेट आज परत मुके. फटी आपोआप आवळल्या गेल्या. स्क्रूवरचे नट धरत नाहीत असं दिसतं. नवे मागवले, चांगल्या जातीचे. परत सगळे सैल केले.

सूनबाई म्हणत होती की कॉम्प्रेसरच्या मागे रातकिडा शिरलाय आणि दिवसभर डोकं उठवतो. घरातून आमची ही पण आली आणि म्हणाली, "अहो, तो किडा काढा आधी." मी अर्धा तास उभा राहिलो कॉम्प्रेसरजवळ. किडा नाही, काही नाही. बायकांना एकदा भास झाला की तो दोघींना एकदमच होतो.

१० फेब्रुवारी, मंगळवार

कुकरची शिट्टी वाजत नाही. गेला महिनाभर बघतोय. आज नवी शिट्टी आणि नवं रबर आणून बसवलं. तरी नाही. म्हटलं कुकरच बदलू. ही म्हणाली, "राहू दे हो, मी घड्याळ बघून उतरवते." गुणाची आहे बिचारी. कशाबद्दल तक्रार म्हणून नाही.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

आज चाचणी. अर्धी खडी भरून खाणीच्या रस्त्याला. मी शेजारी बसलो. आक्का काय गुरगुरते! छातीत घुमतं. तिसऱ्या वळणापर्यंत सूनबाई माझ्याकडे बघून काहीतरी सांगत होती, पण इंजिनापुढे कोणाचं काय ऐकू येणार? मी आपला अंगठा दाखवत राहिलो. तिने गाडी बाजूला घेतली, खाली उतरली आणि झाकण उघडलं. एक पुशरॉड वाकला होता. पुशरॉड म्हणजे खालून रॉकरला ढुशी देणारी दांडी. कडक स्प्रिंगांपुढे जुनी दांडी टिकली नाही, दुसरं काय?

शेठने रस्त्यावर गाठलं. म्हणाला, "उस्ताद, इंजिन आहे की भांड्यांचं दुकान?" मी म्हटलं, शेठ, खडी वाजतेय मागे. तो हसला नाही. कपाळाला आठी घालून गेला.

जाड भिंतीचे पुशरॉड मागवले. घ्यायचं तर चांगलंच घ्यावं.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

नवे पुशरॉड बसवले. काय माल आहे! हातात घेतला तरी कळतं. टॅपेट परत लावले, परत रातकिड्यापर्यंत आणले, परत खडू.

जहाजावरून चिरंजीवांचा फोन. त्या जहाजावरची रेंज दिवसेंदिवस बिघडत चाललीय. शब्दांचा नुसता लगदा येतो. सूनबाईला मात्र सगळं कळतं. नवराबायकोचं वेगळंच असतं. गेल्या खेपेला तो घरी आला तेव्हा म्हणे, "बाबा, एकदा कान तपासून घ्या." मला! ज्याने या कानावर गॅरेज उभं केलं त्याला! तो बंदराला जाईपर्यंत मी त्याच्याशी चकार शब्द बोललो नाही. तेव्हापासून या घरात तो विषय कोणी काढलेला नाही. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात, मी तर शब्दही वापरला नाही.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

दुसरी चाचणी. आज पूर्ण खडी. चौथ्या वळणावर फाटकन काहीतरी तुटलं. मला हादरा बसला तो सीटमधून. आक्काचा जोर गेला आणि ती मागे घसरायला लागली. सूनबाईने ब्रेक, गिअर, हँडब्रेक असं तिन्ही धरून तिला डोंगराच्या अंगाला टेकवलं. दुसऱ्या अंगाला काय होतं ते मी लिहीत नाही. उतरलो तेव्हा पोरीचा चेहरा पांढरा पडला होता.

रॉकर तुटला. जुना होता. स्प्रिंगा नव्या, पुशरॉड नवे, मग मार खाणार कोण? मधला म्हातारा. घडीव पोलादाचे रॉकर मागवले. अख्खी माळ नवी केल्याशिवाय हे थांबणार नाही.

संध्याकाळी दोघी स्वयंपाकघरात बोलत होत्या. मी आत गेलो की पूर्वी बोलणं थांबायचं. हल्ली थांबतही नाही. माझ्यासमोर खुशाल बोलत राहतात, आणि इतक्या हळू बोलतात की मला एक अक्षर कळत नाही. हिने मध्येच डोळ्याला पदर लावला. मी विचारलं, काय झालं? तर जवळ आली, माझ्या तोंडासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "कांदा." ओट्यावर कांदा नव्हता.

२३ फेब्रुवारी, सोमवार

रॉकर बसले. स्प्रिंग, पुशरॉड, रॉकर, नट, सगळं कोरं करकरीत. या इंजिनात आता जुनं असं काही उरलं नाही. जुना म्हणजे मीच काय तो.

टॅपेट सैल करून रातकिड्यावर आणले. खूण केली. आता तुटायला काही शिल्लकच नाही.

२५ फेब्रुवारी, बुधवार

राग डोक्यात आहे, अक्षर बिघडेल.

दुपारी जेवून जरा लवकर गॅरेजात गेलो. सूनबाई आक्काच्या नाकावर चढून बसली होती. रॉकरचं झाकण उघडं, हातात फिलर गेज. माझी खूण पुसून टॅपेट आवळत होती. म्हणजे नट सैल नव्हते, स्क्रू सरकत नव्हते, काही नव्हतं. घरातलाच उंदीर!

मी म्हटलं, "कधीपासून चाललंय हे?"

ती खाली उतरली. माझ्यासमोर आली, सरळ तोंडाकडे बघत म्हणाली, "पहिल्या दिवसापासून. तुम्ही सैल करता, मी आवळते. दोनदा मला वेळ मिळाला नाही, तेव्हा दोनदा तुटलं."

मी म्हटलं, "माझ्या कानावर विश्वास नाही तुझा?"

वाटलं, मान खाली घालेल. तर म्हणाली, "नाही, बाबा."

नाही! माझ्या गॅरेजात, माझ्या तोंडावर! कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात ते हेच. मी पेचकस आपटला आणि घरी निघून आलो. ताट तसंच ठेवलं. ही तीन वेळा दारात येऊन उभी राहिली. तिसऱ्यांदा मी तोंड भिंतीकडे केलं. तिच्यावर रागावण्यासारखं तिने काही केलेलं नाही, पण रागाला कुठेतरी बसायला जागा लागते.

शर्यत चार दिवसांवर आली आणि ही पोरगी मला शिकवणार. ठरवलंय. रविवारी सकाळी निघायच्या आधी मी स्वतः टॅपेट लावणार, आणि त्यानंतर झाकणाला कोणी हात लावायचा नाही. मी सांगितलं तसंच होईल.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

आज काय झालं ते जसंच्या तसं लिहितो.

सकाळी चहाला बसलो होतो, तोंड फुगवूनच. सूनबाई गॅरेजातून आली. हातात मुरंब्याची रिकामी बरणी, तोंडाला जाळीचं फडकं बांधलेलं. आत एक रातकिडा. तपकिरी, बोटाच्या पेराएवढा. तिने बरणी टेबलावर माझ्यासमोर ठेवली आणि समोरच्या खुर्चीत बसली. ही ओट्याशी उभी होती, ती पण येऊन बसली.

मी म्हटलं, "सापडला वाटतं. खरंच होता तर."

किडा थोडा वेळ फिरला, मग थांबला. मग त्याने पंख उचलले आणि एकमेकांवर घासायला लागला. भराभर, भराभर. पंख दिसेनासे झाले इतके जोरात. हिने दोन्ही कानांवर हात ठेवले. सूनबाईने डोळे बारीक केले. खिडकीतून शेजारच्या बाईंची एक विद्यार्थिनी डोकावून बघून गेली.

मला काही ऐकू येत नव्हतं.

मी वाकलो. फडक्याला कान लावला. पंख चालूच. मी दुसरा कान लावला. मग बरणी उचलून हातात धरली. काचेतून तळव्याला एक अगदी बारीक थरथर लागत होती. माझ्या हाताला तो ओरडताना कळत होता, आणि कानाला नाही.

मी विचारलं, "आत्ता ओरडतोय?"

हिने मान हलवली.

"मोठ्याने?"

ती जवळ आली, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "कान किटलेत हो. तीन आठवडे झाले."

मग सगळं एकदमच डोक्यात आलं. टेबलाखालचा लॉक. कुकर. जहाजावरची रेंज. शेजारच्या बाई. मी ज्याला लांबचा रातकिडा म्हणत होतो तो रातकिडा नव्हताच. मी टॅपेट सैल करत करत ठोक्यापर्यंत नेत होतो, कारण मला ऐकू येईल एवढा मोठा आवाज तेवढाच उरला होता. सगळी गल्ली कानात बोटं घालत होती आणि मी "गोड" म्हणत होतो. नव्या पुशरॉडना, नव्या रॉकरना मीच हातोड्या मारत होतो. आणि चौथ्या वळणावर सूनबाई गाडीत होती. डोंगराच्या दुसऱ्या अंगाला काय होतं ते मला माहीत आहे.

मी म्हटलं, "अगं, मी तुला मारलं असतं."

ती म्हणाली, "पण नाही ना मारलं. चहा घ्या, गार होतोय."

मी रडलो. लिहायला लाज कसली? बरणी हातात धरूनच रडलो, आणि तो किडा हातात थरथरत होता.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

गॅरेजात गेलो नाही. खुर्चीवर बसून होतो. पेचकस सूनबाईने आणून कोपऱ्यात उभा केलाय. त्याच्याकडे बघवत नाही. उस्ताद म्हणतात लोक. कसला उस्ताद? कान गेलेला मेकॅनिक आणि नाक गेलेला अत्तरवाला एकच.

हिने बुधवारची कानाच्या डॉक्टरची वेळ घेतलीय. म्हणाली, "दोन वर्षांपूर्वीच घेणार होते. तुमचं तोंड बघून गप्प बसले." मी म्हटलं, माझ्या तोंडात एवढं काय आहे? तर हसायला लागली. हसता हसता म्हणाली, "तुम्हाला एकट्यालाच ऐकू येत नव्हतं, बाकी तुमचं सगळ्यांना ऐकू येत होतं." मी पण हसलो. बऱ्याच दिवसांनी तिचं सगळं वाक्य कळलं. समोर बसून, सावकाश बोलली म्हणून.

संध्याकाळी चिरंजीवांना फोन लावला. त्याला म्हटलं, तू बरोबर होतास. तो बराच वेळ काहीतरी बोलला. कळलं काही नाही, पण बोलला बराच वेळ.

२८ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी सूनबाई दारात. "बाबा, चला. खूण कोण करणार?"

म्हटलं, तुझी गेज आहे ना, लाव आणि जा. ती म्हणाली, "गेज फट सांगते. फट लावल्यावर इंजिन खूश आहे का, ते गेज सांगत नाही. ते मला कुठे येतं?"

गेलो. आधी इंजिन गार असताना तिने बाराही फटी पट्टीने लावल्या. मी चष्मा लावून प्रत्येक पट्टी बघितली, ओढून बघितली. लोण्यातून सुरी काढावी तशी पट्टी निघाली पाहिजे, थोडी धरून. ते मात्र माझ्या बोटांना अजून कळतं. दोन ठिकाणी मी म्हटलं, परत कर. तिने केलं. गेजवाल्यांनाही घाई असतेच.

मग इंजिन चालू केलं, गरम होऊ दिलं. मी पेचकस उचलला, सवयीने कानाकडे नेला आणि थांबलो. तिच्या हातात दिला. तिने आजवर त्याला हात लावलेला नव्हता. मूठ कानाला लावली, टोक पहिल्या सिलिंडरवर.

मी समोर उभा राहिलो, तिचं तोंड दिसेल असा. "काय ऐकू येतंय?"

"खूप काय काय. सगळी जत्राच."

"जत्रा सोड. मोठे आवाज बाजूला ठेव. खाली गडगड आहे ती क्रँकची. ती विसर. घुमतंय ते टर्बोचं, ते पण विसर. आता वर ये. काय उरलं?"

तिने डोळे मिटले. मी वाट बघत राहिलो. मग तिचा चेहरा बदलला.

"बाबा! आहे. रातकिडा आहे."

"जवळचा की लांबचा?"

"लांबचा."

"किती लांबचा? कॉम्प्रेसरमागचा?"

"छे, त्याच्याहून पुष्कळ लांबचा. मागच्या गल्लीतला."

हेच शब्द मी कधी तिला सांगितले नव्हते. ही वही तिने वाचली असेल तर गोष्ट वेगळी. पण वाचली असती तर त्यातलं बाकीचंही बोलली असती, गप्प बसणाऱ्यांतली ती नाही.

एकेक करून बाराही ऐकवले. नववा जरा जवळचा वाटतोय म्हणाली. बंद करून, गार होऊ देऊन मापला तर खरंच केसभर सैल होता. नीट केला. मग मी खडू तिच्या हातात दिला. ती म्हणाली, "तुम्ही करा." मी म्हटलं, ज्याने ऐकलं त्याने करायची, ही या गॅरेजची रीत आहे.

तिने केली. माझ्या खुणेपेक्षा जरा वाकडी आली. येईल हळूहळू.

१ मार्च, रविवार

माथ्यावर मी, ही आणि शेठ. खाली शर्यतीचे ट्रक रांगेत, मुंगळ्यांएवढे. सुटले. मला फक्त गडगड ऐकू येत होती, कोणता ट्रक कुठे ते कळेना. म्हणून ही माझा हात धरून, तोंड माझ्याकडे करून सांगत होती. "तिसरी आहे. अजून तिसरी. चौथं वळण."

चौथं वळण म्हटल्यावर मी खाली बघणंच सोडलं. तिच्या तोंडाकडे बघत राहिलो.

"गेली! पाचवं. अहो, एकाला मागे टाकलं!"

पाचव्या वळणावर गेल्या वर्षी आक्काने मान टाकली होती. यंदा तिथेच तिने खरा जोर धरला. स्प्रिंगा कडक, दारं वेळेवर बंद, ताकद सगळी चाकाला. सातव्या वळणावरून वर आली तेव्हा आधी माझ्या पायांना कळलं. जमीन एकसारखी थरथरत होती, कुठे खंड नाही, कुठे ठोका नाही. मग आक्काचं नाक दिसलं. दुसरा नंबर. पहिल्याला जेमतेम एक ट्रकभर अंतर.

मी धावलो. या वयात धावू नये, पण धावलो. सूनबाई खाली उतरली, धुळीने पांढरी झालेली. शेठ म्हणाला, "उस्ताद, पहिला नंबर का नाही?" मी म्हटलं, शेठ, इंजिन फुटलं का? तो म्हणाला, "नाही." मी म्हटलं, मग उद्या बाकीचे सात पाठव, सगळ्यांचे टॅपेट बघतो. मग थांबलो आणि म्हटलं, "बघतो म्हणजे, सूनबाई ऐकेल आणि मी बघेन." खणखणीत आवाजात सांगितलं, आजूबाजूच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं. शेठने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा तिच्याकडे. म्हणाला, "दोघं मिळून एक उस्ताद झाला तर मला काय हरकत? सोमवारी दोन ट्रक पाठवतो."

सूनबाईने पेचकस गाडीतच ठेवला होता. बाकीचे पेढ्याबिढ्याच्या मागे असताना तिने झाकणाला टोक टेकवलं आणि ऐकलं. मी भुवया उडवल्या. ती लांबून ओठ मोठे हलवत म्हणाली, "लांबचा." मला ऐकू आलं नाही, पण कळलं.

घरी आलो तर बरणी रिकामी. ही म्हणाली की सकाळी निघतानाच किड्याला सोडून दिलं, आणि तो परत कॉम्प्रेसरमागेच जाऊन बसलाय. मी गॅरेजात जाऊन उभा राहिलो. मला तर काहीच ऐकू आलं नाही. ही मागून आली, समोर उभी राहिली.

मी विचारलं, "ओरडतोय का?"

"ओरडतोय ना. कान किटवले मेल्याने. काढू का त्याला?"

म्हटलं, नको, असू दे.